मुक्या रुग्णास मनुष्याचे औषध

गेल्या पावसाळ्यात आमच्या आठवीच्या वर्गातील एक विद्यार्थी चार दिवस शाळेत आला नाही. चौकशी करिता त्याचे कुत्रे मेल्याचे कळले. कुत्रे सुस्त दिसले, म्हणून मुलाने तापमापक लावून पाहिला. १०२ अंश भरले. ताप आहे असे समजून त्याने आजोबांच्या सांधेदुखीची आयबुप्रोफेनची गोळी गुळात घालून दोन दिवस सकाळसंध्याकाळ दिली. तिसऱ्या दिवशी त्यास रक्ताची वांती झाली.

कुत्र्याच्या अंगाची स्वाभाविक उष्णताच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. खरे सांगावयाचे तर ही गोष्ट आम्हांसही त्याच दिवशी कळली. ज्या तापावर औषध दिले, तो ताप नव्हताच!

गोळी ४०० मिलिग्रॅमची, कुत्रे आठ किलोचे. म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅम. साठ किलोच्या आजोबांस तीच गोळी किलोमागे सातही पडत नाही. शिवाय हे औषध कुत्र्याच्या शरीरात पुष्कळ वेळ रेंगाळते, जठरास व्रण पाडते आणि मूत्रपिंडे निकामी करिते. मांजराची गोष्ट याहून कठीण. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही त्याचा प्राण घेऊ शकते.

पशुवैद्यही कित्येकदा मनुष्याचीच औषधे देतात, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. परंतु ते प्राण्यास तपासून व वजन पाहून देतात, फडताळातील डबा चाचपून नव्हे.

मुलास आम्ही दोष देत नाही. त्याने जे केले ते घरी पाहूनच केले. एकास लिहून दिलेल्या गोळ्या आपण घरीदारी खिरापतीसारख्या वाटतो. शेजारणीचे डोके दुखले की आपली पट्टी पुढे करितो. परमेश्वराने प्राणी आपल्या स्वाधीन केले, त्यांजवर आपले उरलेसुरले औषध खपवावे म्हणून खचित नव्हे. पालकांनी रागावू नये, परंतु तो डबा मुलांच्या हाती लागेल असा ठेवणारे आपणच आहो.

कुत्र्याने चुकून गोळी खाल्लीच, तर मीठपाणी पाजून वांती करवू नये. त्यानेही विषबाधा होते. लक्षणांची वाट न पाहता त्यास त्वरित पशुवैद्याकडे न्यावे, आणि गोळ्यांची रिकामी पट्टी सोबत घ्यावी. किती गोळ्या गेल्या व केव्हा, हेच तेथे प्रथम विचारितात.