गंज आणि लांबी

जुनी गाडी बघायला जाताना खिशात एक लोहचुंबक असावा. मोठा नको, फ्रिजवर चिठ्ठी अडकवायला असतो तेवढा पुरे. मालक इंजिनाचं कौतुक सांगत असतो तेव्हा आपण निवांत गाडीभोवती फिरावं आणि चुंबक पत्र्याला लावत जावं. चिकटला तिथे लोखंड आहे, घसरून पडला तिथे लांबी. आमच्या मॅटॅडोरला मी पहिल्यांदा अशी प्रदक्षिणा घातली तेव्हा गुडघ्याच्या खाली चुंबकाला धरायला जागाच सापडेना. मालकांनी "बॉडी एकदम टाइट आहे" असं सांगितलं होतं. टाइट होतीच. लांबी वाळली की टाइटच होते.

ही गाडी गंजाने गेली असं आमच्याकडे येणारा जाणारा प्रत्येक जण म्हणतो. वर्षभर तिच्या पोटाखाली लोळल्यावर मला ते पटत नाही. गंज आपल्या नियमाने, सावकाश चालतो, आणि त्याला वेळेवर वाट मोकळी करून दिली तर पुष्कळदा थांबतोही. हिला खाल्लं ते वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांनी. जिथे जिथे कुणी काळजीने काही चोपडलं, बुजवलं, झाकलं, तिथे तिथे आत भगदाड होतं. ज्या भागाला कुणी कधी हात लावला नव्हता तो टपाचा मधला भाग, रंग उडालेला आणि कावळ्यांनी खराब केलेला, अजून ठणठणीत आहे.

गाडी १९९० च्या आसपासची, एका आंबा बागायतदारांच्या घरची. पांढऱ्या पाटीची, म्हणजे घरगुती. लग्नाची वऱ्हाडं आणि गणपतीला आलेले चाकरमानी हिने वाहिले, मग घरात नव्या गाड्या आल्या आणि ही चिपळुणात गोदामाच्या बाजूला उभी राहिली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ती काचांपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरलं, पण गाळ राहिला. गाडीच्या पोकळ भागांत शिरलेला गाळ पाऊस संपल्यावरही महिनोन्‌महिने ओला राहतो. आम्ही ती भंगाराच्या भावाने घेतली. नवऱ्याच्या डोक्यात आत झोपायची सोय करून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचं होतं. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त ती अंगणात कुठे उभी करायची एवढंच होतं.

मॅटॅडोर निवडण्यामागे तसं कारणही आहे. ही मूळची हॅम्बुर्गकडची. तिथल्या टेम्पो कारखान्याशी करार करून १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांनी बजाज टेम्पो सुरू केली. आधी तीनचाकी आली आणि पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून मॅटॅडोर. जर्मनीत त्या कारखान्याची मालकी हानोमागकडे आणि मग मर्सिडीजकडे गेली, त्यामुळे हीच गाडी तिकडे मर्सिडीजचा तारा लावून एल २०६ आणि एल ३०६ या नावांनी विकली गेली. तिच्यावर लोकांनी हौसेने फिरती घरं बांधली. तिकडे १९७७ मध्ये ती बंद झाली, आपल्याकडे मात्र पुढे कितीतरी वर्षं बनत राहिली. तिचं मर्म म्हणजे ताकद पुढच्या चाकांना जाते. मागच्या चाकांपर्यंत शाफ्ट न्यायचा नसल्यामुळे जमीन सपाट आणि खाली असते. चूल, पेटी, बिछाना मांडायला याहून सोयीचं काय हवं? आपण ती वऱ्हाडं आणि बर्फाच्या पेट्या वाहायला वापरली, हा आपला व्यवहारीपणा.

इंजिनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मर्सिडीजच्या ६१६ जातीचं डिझेल इंजिन आहे. हेच इंजिन युरोपात २४० डी मोटारींत टॅक्सीवाल्यांनी लाखो किलोमीटर पळवलं. पुरात बुडालेल्या डिझेल गाडीला चावी कधीही मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हीटर प्लग काढायचे, हाताने इंजिन फिरवून पाणी बाहेर काढायचं, मग तेल. हे सगळं करून झाल्यावर त्याने थोडी कुरकुर केली आणि चालू झालं. खरा प्रश्न पत्र्याचा होता.

पत्राकामाला जे मिस्त्री मिळाले ते सत्तरीच्या पुढचे. गॅस वेल्डिंगवर हात बसलेला, आणि आयुष्यभर एसटीच्या आणि ट्रकच्या बॉड्या ठोकलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी रेक्झिनची चटई उचलली, खालचा कुजलेला स्पंज ओढून काढला आणि मला बोलावलं. खाली एकावर एक तीन थर होते. सगळ्यात वर डांबर, त्याखाली कुणीतरी घराच्या छपराचा उरलेला जीआय पत्रा कापून रिव्हेट मारून बसवलेला, त्याखाली आणखी एक जुनं ठिगळ. मूळ जमीन त्याच्याही खाली होती, म्हणजे असायला हवी होती. मिस्त्रींनी पेचकस टोचला तो सरळ अंगणातल्या मातीत रुतला.

हे असं का होतं, ते एकदा नीट समजून घेतलं की पुढचं सगळं काम सोपं होतं. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जोडले की मध्ये केसाएवढी फट राहते. पाणी त्या फटीत ओढलं जातं आणि तिथून सहजासहजी वाळत नाही. गंमत अशी की फटीच्या तोंडाशी हवा भरपूर असते, पण खोल आत ती कमी पडते. एकाच ओल्या लोखंडावर जिथे प्राणवायू कमी तिथलं लोखंड झिजतं आणि जिथे जास्त तिथलं वाचतं. म्हणून बाहेरून कड धड दिसते आणि आत पत्रा विरलेला असतो. त्यातून गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो फुगतो, दोन पत्र्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो, फट रुंदावते, आणखी पाणी येतं. आमच्या दारांखालच्या कडा खारीसारख्या पापुद्र्यापापुद्र्याने फुललेल्या होत्या. आता अशा जागी जो कुणी वरून नवा पत्रा रिव्हेट करतो तो काय करतो? आणखी एक फट तयार करतो. आणि वर डांबर फासतो तेव्हा आलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाटही बंद करतो. डांबराला एकदा तडा गेला की ते पाणी अडवत नाही, साठवतं.

काचेची गोष्ट तर याहून मजेची. पुढच्या काचेचं रबर जुनं झालं, पाणी झिरपायला लागलं, म्हणून कुणीतरी कडेने सिलिकॉन भरलं होतं. बाथरूमच्या फरश्यांना भरतात तेच, लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं. तो वास उगाच येत नाही. ते सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि ॲसिड उघड्या लोखंडाचं काय करतं ते सांगायला नको. रबर बदललं असतं तर थोडक्यात भागलं असतं. इथे रबराखालची सगळी चौकट नव्याने घडवावी लागली, काचेच्या गोलाईबरहुकूम, आणि त्या एका चौकटीने आमचा निम्मा थंडीचा हंगाम खाल्ला.

टपाच्या कडेची पन्हळ हा तिसरा नमुना. ती पाणी बाजूला वाहून न्यायला केलेली. तिच्यात जरा गंज दिसला म्हणून कुणी ती लांबीने भरून गुळगुळीत करून टाकली होती. दिसायला सुबक. पाणी मग दारांवर.

मिस्त्रींचं आणि माझं पहिलं भांडण किती कापायचं यावरून झालं. त्यांचं म्हणणं, "ताई, जेवढं गेलंय तेवढं काढू, बाकीच्यावर पट्टी मारू. गाडी काय प्रदर्शनात ठेवायचीय?" माझं म्हणणं, चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापायचं, मग ते वीतभर लांब असो की हातभर. कुरतडलेल्या कडेला वेल्डिंग धरतच नाही. पातळ पत्रा जळून भोक मोठं होतं, ते बुजवायला आणखी मणी टाकावे लागतात, त्याने आणखी उष्णता. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण आयुष्यभर त्यांच्याकडे येणारं गिऱ्हाईक "लवकर करा, स्वस्तात करा, गणपतीच्या आधी द्या" असंच सांगत आलं होतं. चांगलं काम येत असूनही ते कुणी मागितलंच नव्हतं. मी मागितलं तेव्हा त्यांना आधी संशय आला आणि मग हुरूप.

दाराखालचे पोकळ डबे कापण्याआधी त्यांनी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल टाकून टाके मारले. मी कारण विचारलं नाही, पण नंतर कळलं. तो डबाच गाडीची कंबर धरून असतो. तो काढल्यावर सांगाडा मधेच खचला तर नवीन डबा खचलेल्या मापाने बसतो आणि मग दारं जन्मात लागत नाहीत. नवीन पत्रा सीआर घेतला, डब्यांना अठरा गेज, जमिनीला वीस. जीआय घ्यायचा मोह होतो, पण त्यावरचं जस्त वेल्डिंगच्या झळीने जळतं आणि तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. जुने वेल्डर त्यावर दूध पितात. दुधापेक्षा कडेचं जस्त घासून काढलेलं बरं, आणि त्याहून बरं म्हणजे साधा पत्रा घेऊन त्याला मागून जस्ताचा प्रायमर लावणं.

गॅस वेल्डिंगची जागा आम्ही सीओटूला दिली. मिस्त्रींना ते आवडलं नाही. गॅसच्या ज्योतीने पातळ पत्र्यावर मोठी जागा तापते आणि पत्रा ताणून लाटा येतात. मग त्या लाटा लपवायला लांबी, आणि आपण पुन्हा होतो तिथेच. सीओटूत एक टाका इकडे, एक वीतभर तिकडे, मधल्या वेळात पहिला निवतो. अंगणात मात्र वाऱ्याची झुळूक आली की वेल्डिंगभोवतीचा वायू उडून जातो आणि टाक्यात सुईने टोचल्यासारखी छिद्रं पडतात. म्हणून भर उन्हात ताडपत्रीच्या आडोशाला बसून काम. मे महिन्यात त्या आडोशाखाली जो बसला असेल त्यालाच ते माहीत.

कोकणात हे काम दिवाळी ते मे एवढंच चालतं. संध्याकाळी ग्राइंडरने पांढराशुभ्र केलेला पत्रा इथे सकाळी तांबूस झालेला असतो, पावसाळ्यात तर जेवून येईपर्यंत. घासलं की त्याच दिवशी प्रायमर, असा नियमच करावा लागतो. आणि साधा प्रायमर म्हणजे रंग नव्हे. तो ओल आत घेतो. "रंग दिवाळीनंतर मारू" म्हणून अख्खा पावसाळा प्रायमरवर काढलेल्या गाड्या मी आमच्याच रस्त्यावर बघते. त्यांचे मालक आपण गाडीचं काहीतरी भलं केलं अशा समाधानात असतात. आम्ही इपॉक्सी प्रायमर वापरला, तो महाग पडतो. पोकळ भागांत लांब नळीने मेण फवारलं. पावसाच्या तोंडावर गाडीखाली काळं ऑइल मारायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि तिचा थोडा उपयोग होतोही, पण ते जळकं तेल पहिल्या सरींबरोबर अंगणात आणि तिथून विहिरीकडे जातं. आमची विहीर उताराला आहे.

येणारे जाणारे "विंटेज गाडी" म्हणतात तेव्हा नवरा खूश होतो. सरकारच्या लेखी ती विंटेज नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पन्नास वर्षं भरावी लागतात, सांगाडा-इंजिनात मोठे बदल झालेले चालत नाहीत, आणि तशी नोंद झाली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढंच. गोव्याला जायचं असलेल्या माणसाने या मानापासून लांब राहावं. आमचं साधं घरगुती पासिंग, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं ते. आत काही कायमचं ठोकलेलं नाही, कारण नोंदणीपुस्तकात एक आणि गाडीत दुसरंच, हे कायद्याला चालत नाही. कॅराव्हॅन म्हणून नोंदवायची तर तिचं मानक वेगळं, सोपस्कार वेगळे. म्हणून प्लायवूडच्या दोन सुट्या पेट्या, त्यांवर फळ्या, फळ्यांवर गादी. चूलही उचलून खाली ठेवता येते. आणि जमिनीवर चटई अंथरायची नाही, हे मी आधीच सांगून टाकलंय. पाणी सांडलं तर दिसलं पाहिजे.

शेवटचं भांडण भोकांवरून झालं. मूळ गाडीत दारांच्या तळाला आणि पोकळ डब्यांना पाणी निघून जायला छिद्रं होती. पुढच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याने ती रंगाने, डांबराने किंवा रबराच्या बुचाने इमानेइतबारे बंद केली होती. नवे डबे बसले, टाके घासून सपाट झाले, आणि मी खडूने खुणा करून मिस्त्रींच्या हातात ड्रिल दिलं. त्यांनी ते खाली ठेवलं.

"नव्या कोऱ्या पत्र्याला भोकं? ताई, उद्या पूर आला तर पाणी ह्यातूनच आत शिरेल."

"शिरू दे. निघेल पण तिथूनच."

त्यांनी बिडी संपेपर्यंत विचार केला. मग भोकं पाडली, प्रत्येकाची कड कानशीने साफ केली, ब्रशने प्रायमर लावला. बिलात पत्राकाम, वेल्डिंग आणि रंग यांच्या खाली एक वेगळी ओळ आहे: भोकं पाडणे, नग बारा. दर विचारला तर म्हणाले, तुमच्या हट्टाचा आहे.