मावशींचे मत मावशींचेच

२०२४ च्या विधानसभेला आमच्या चाळीतल्या अंध मावशींना आम्ही हाताला धरून केंद्रावर नेले. सोबती म्हणून आत गेलो, बटण दाबले आणि मोठे काम केल्याच्या ऐटीत बाहेर आलो. मावशी एवढेच म्हणाल्या, “बाबा, मला इचारलंस कुठं?” आम्ही मान खाली घातली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रत्येक प्रौढाला मताधिकार मागितला, तो काय आम्ही दुसऱ्याचे बटण दाबावे म्हणून?

लोकसभा-विधानसभेला अंध वा अपंग मतदाराला स्वतः बटण दाबता येत नसेल, तर १८ वर्षे पूर्ण झालेला सोबती नेता येतो. मत गुप्त ठेवीन, असे त्याने लिहून द्यायचे असते. आणि एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येते. तेव्हा ‘पाच म्हाताऱ्यांचे मतदान उरकले’ म्हणून मिरवणाऱ्या कार्यकर्त्यांनो, जरा दमाने! यंत्रावर बटणांशेजारी ब्रेल आकडे असतात. ते वाचता येणाऱ्याला सोबत्याची गरजही नाही. केंद्रावर उतार आणि चाकाची खुर्ची आहे का, हे मात्र आदल्या दिवशीच पाहून यावे.

पुढच्या वेळी मावशींना नावे आणि चिन्हे क्रमाने वाचून दाखवू. त्या सांगतील तेच बटण दाबू. घरी सुनेने विचारले तरी सांगणार नाही.