रहस्यकथेचे माप आणि खुन्याचे निवेदन

मराठी समीक्षेला गुन्हा चालतो, खून चालतो, बीभत्सही चालते. मात्र हे सारे 'रहस्यकथा' नावाच्या कप्प्याबाहेर घडले पाहिजे, अशी तिची अलिखित अट दिसते. कप्प्यातील ग्रंथाला विचारावयाचे प्रश्न तिने कायमचे ठरवून टाकले आहेत : उत्कंठा टिकते काय, उलगडा पटतो काय, आणि वाचकाच्या मनावर अनिष्ट परिणाम तर होत नाही ना. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारांहून अधिक पुस्तकांपुरते हे प्रश्न कदाचित पुरेसे असतील; झुंजार वा काळा पहाड यांच्या साहसांत वाचकाने कोणाच्या बाजूने उभे राहावे याविषयी संभ्रम ठेवलेलाच नाही. परंतु ज्या कादंबरीत खुनी कोण हे आरंभीच उघड होते आणि तोच खुनी शेवटपर्यंत आपल्याशी बोलत राहतो, तिलाही हेच माप लावणे म्हणजे शोकांतिका हसवत नाही म्हणून तिला नापास करण्यासारखे आहे.

उदाहरण म्हणून जिम थॉम्प्सनची 'द किलर इनसाइड मी' (१९५२) ही कादंबरी घेऊ. ती स्वस्त कागदी बांधणीतच प्रथम प्रसिद्ध झाली आणि त्यामुळे दीर्घकाळ समीक्षेच्या नजरेबाहेर राहिली. तिचा निवेदक लू फोर्ड हा पश्चिम टेक्ससमधील एका गावाचा डेप्युटी शेरीफ. गावाच्या लेखी तो मनमिळाऊ, काहीसा मंद, उठल्यासुटल्या घासलेली सुवचने ऐकवणारा गृहस्थ आहे. वस्तुतः ही गुळगुळीत वचने समोरच्याला सावकाश छळण्याचे त्याचे साधन आहे. जॉइस लेकलंड आणि एल्मर कॉनवे यांनी परस्परांना ठार केले असे भासावे, अशी योजना तो आखतो. पुढे आपल्यावर निष्ठा ठेवणाऱ्या जॉनी पापास या पोराला तो कोठडीत मारतो आणि ती आत्महत्या भासवतो. यांतले काहीही वाचकापासून लपलेले नाही.

त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९६६ मध्ये या साहित्यप्रकाराची वर्गवारी करताना दाखवून दिले की, कूटकथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची, जी घडून गेलेली असते, दुसरी शोधाची, जी आपण वाचतो. थरारकथेत गुन्हा आणि कथन यांतील हे अंतर मिटते. आपल्या समीक्षेने या भेदाची दखल फारशी घेतलेली नाही. परिणामी एक विपरीत नीतिविचार रूढ झाला आहे. ज्या कूटकथेत प्रेत हे केवळ कोड्याचे निमित्त असते, मेलेल्या माणसाबद्दल कोणाला दुःख होण्याची गरजच नसते, ती 'निरुपद्रवी करमणूक' ठरते. आणि मारण्याची क्रिया किती वेळ चालते हे सांगणारी कादंबरी मात्र 'विकृत' ठरते.

खरे तर या कादंबरीच्या विचारासाठी आवश्यक ती संकल्पना आपल्याच घरात आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात 'सविकल्प समाधी'ची मांडणी केली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका पूर्णतः सोडत नाही, या दुहेरीपणात केळकरांनी वाङ्मयानंदाचे मूळ पाहिले. ही दुसरी भूमिका खुन्याची असेल तर? फोर्डच्या विनोदाला आपण हसतो, गावातल्या दांभिकांना तो खेळवतो तेव्हा आपण त्याच्या बाजूचे होतो. आणि तोच आवाज, तोच सूर कायम ठेवून एमी स्टँटनच्या खुनाकडे वळतो. ते वर्णन पुढे ढकलत असताना तो लेखकांची एक खोडही काढतो : ऐन मोक्याच्या जागी विरामचिन्हे टाकून देऊन शब्दांची धांदल उडवणारे लेखक त्याला आळशी वाटतात; आपण सारे क्रमाने सांगू, असे तो बजावतो. येथे जुगुप्सा निवेदकाकडे नाही. ती वाचकालाच आणावी लागते, आणि ती आणण्यास आपण किती उशीर केला हेही त्याला उमगते. समाधीतला 'विकल्प' हाच या कादंबरीचा विषय आहे. केळकरांच्या उपपत्तीची याहून कठोर परीक्षा कोणती?

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. जॉइस आणि एमी या दोघींवरील हिंसा आपण मारणाऱ्याच्याच डोळ्यांनी पाहतो. मग कादंबरी त्या नजरेची चिकित्सा करते की तिलाच रसद पुरवते? हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. फोर्डने मेली असे समजून टाकून दिलेली जॉइस अखेरीस जिवंत परतते आणि तरीही त्याच्याशी निष्ठावंत राहते. या ठिकाणी निवेदकाची इच्छापूर्ती आणि कादंबरीची रचना यांत अंतर उरत नाही, असे माझे मत आहे. परंतु हा दोषही निवेदकाची मर्यादा आणि कृतीची मर्यादा यांत भेद केल्यावरच दाखवता येतो. कप्प्यावरची चिठ्ठी वाचून निकाल देणाऱ्याला तो दिसणारच नाही.

दुसरा पक्ष स्वतःला उदार समजतो. लोकप्रिय साहित्य हे समाजाचा आरसा आहे, म्हणून त्याचा अभ्यास झाला पाहिजे, असे तो म्हणतो; आणि मग प्रबंधांतून कथानकांचे सारांश व गुन्ह्यांच्या प्रकारांची यादी सादर होते. तुच्छतावादी आणि आरसावादी यांचे एका बाबतीत पूर्ण एकमत आहे : मजकूर वाचण्याची गरज नाही. फोर्ड अखेरच्या स्फोटक प्रसंगात स्वतःचा मृत्यूही प्रथमपुरुषात सांगतो. मग हा 'मी' बोलतो कोठून? आरशात या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, कारण हा प्रश्न निवेदनाचा आहे.

'कोसला'तील पांडुरंग सांगवीकरच्या 'मी'ची चिकित्सा करण्यासाठी आपण जी सूक्ष्म परिभाषा घडवली, ती फोर्डच्या 'मी'पाशी का थबकावी? प्रतिष्ठित कादंबरीसाठी निवेदनमीमांसा आणि गुन्ह्याच्या कादंबरीसाठी शिष्टाचार, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. ती टिकवायची असेल तर निदान तिला वाङ्मयीन निकष म्हणू नये. आणि मोडायची असेल तर आरंभ पदव्युत्तर वर्गातून व्हावा : या कादंबऱ्यांचे 'परिणाम' मोजण्याआधी त्यांतील कोण, कोणाशी, कोणत्या क्षणी बोलतो आहे, हे विद्यार्थ्यांकडून ओळीओळीने तपासून घ्यावे.