शिबिराचा हिशेब ग्रामसभेपुढे

पहिल्या सत्राच्या परीक्षा आटोपून हिवाळा स्थिरावला, की महाराष्ट्रातील महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची विशेष शिबिरे खेडोपाडी भरू लागतात. कुदळी, फावडी, घमेली, वळकट्या आणि संस्थेच्या नावाचा कापडी फलक घेऊन निघालेले पन्नासएक विद्यार्थी जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात सात दिवस मुक्काम ठोकतात. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि रात्री पथनाट्य असा नित्यक्रम पार पाडून सातव्या दिवशी सरपंचांच्या उपस्थितीत समारोप करतात आणि परत फिरतात. या खटाटोपाची थट्टा करणे हा सुशिक्षितांचा जुना छंद आहे. परंतु ज्या मुलांनी जन्मात कधी परक्याच्या गावची गटारे उपसली नव्हती, त्यांना ती उपसावयास लावणारी दुसरी कोणतीही व्यवस्था आपल्या उच्च शिक्षणात नाही, हे थट्टा करणाऱ्यांनीही मान्य केले पाहिजे. प्रश्न उपक्रमाच्या उपयुक्ततेचा नाही. त्याचा हिशेब आज कोणापुढे मांडला जातो आणि वास्तविक तो कोणापुढे मांडला जावयास हवा, हा आहे.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांच्या समाजसेवेचा विचार मांडला, तेव्हा त्याचा भर स्वेच्छेवर होता. पुढे 1959 साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने महाविद्यालयात पाऊल टाकू इच्छिणाऱ्या प्रत्येक तरुणाला नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीची करावी, अशी शिफारस केली. सक्तीची ती वाट आपण घेतली नाही. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांतील 40 हजार विद्यार्थ्यांसह जी योजना सुरू केली, ती ऐच्छिकच राहिली. मात्र स्वेच्छेला मोजमाप हवे, म्हणून वर्षाला 120 आणि दोन वर्षांत 240 तास अशी मर्यादा ठरली, आणि सरकारी मोजमापाचे जे सर्वत्र होते तेच येथेही झाले: तास हेच साध्य होऊन बसले. स्वयंसेवकाची रोजनिशी, कार्यक्रम अधिकाऱ्याचे हजेरीपत्रक, छायाचित्रांसह अहवाल आणि खर्चाच्या पावत्या असे सारे दप्तर विद्यापीठाकडे रुजू होते, तेथे त्याची खातरजमा होते आणि प्रमाणपत्र निघते. या सगळ्या कागदांत ज्या गावाला ‘दत्तक’ म्हटले आहे, त्याचे म्हणणे लिहिण्यासाठी रकाना असलाच, तरी सरपंचांच्या सहीपुरता असतो.

याचा परिणाम कामावर कसा होतो, हे वनराई बंधाऱ्यावरून स्पष्ट व्हावे. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती माती-वाळूने भरून, तोंडे शिवून, ती ओढ्यात आडवी रचावयाची, हा बिनखर्ची बंधारा शिबिरांचा अत्यंत आवडता उपक्रम आहे, आणि योग्य वेळी घातला तर आसपासच्या विहिरींना काही काळ आधारही देतो. परंतु ती योग्य वेळ पाऊस ओसरून ओढ्याची धार बारीक झाली असेल तेव्हाची, म्हणजे बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरची, आणि शिबिर मात्र परीक्षांच्या सोयीने डिसेंबर-जानेवारीत. तोवर अवर्षणप्रवण तालुक्यांतील कित्येक ओढ्यांची पात्रे कोरडी पडलेली असतात. उन्हाने पोती विरतात, पहिल्या मोठ्या पुरात उरलेली वाहून जातात, आणि पुढील वर्षीची तुकडी, मागच्यांनी काय केले याची तिला कोणी इत्तला दिलेली नसल्यामुळे, पुन्हा तेथूनच प्रारंभ करते. हिवाळ्यात लावलेली आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून वाळून गेलेली रोपे हीच कहाणी सांगतात. गावातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे आधी विचारले असते, तर त्याने दोन वाक्यांत समजावून दिले असते.

म्हणूनच माझी सूचना अशी, की शिबिराचे काम ग्रामसभेने ठरवावे आणि ग्रामसभेनेच तपासावे. 2 ऑक्टोबर आणि 26 जानेवारी या दोन्ही दिवशी ग्रामसभा भरविण्याचा आपल्याकडे शिरस्ता आहे, आणि योगायोगाने या तारखा या कामाला चपखल बसतात. गांधीजयंतीच्या सभेत कार्यक्रम अधिकारी व दोन-चार विद्यार्थी यांनी हजर राहून गावाची गरज ऐकावी. बंधारा हवा असेल तर सात दिवसांच्या शिबिराची वाट न पाहता, नियमित तासांतून दोन-तीन रविवारी तो तेव्हाच घालावा. आणि प्रजासत्ताक दिनाच्या सभेत विद्यार्थ्यांनी स्वतः उभे राहून काय केले, काय साधले आणि काय अपुरे राहिले, हे सांगावे. त्यावर झालेला ठराव अहवालाला जोडल्याखेरीज प्रमाणपत्र देऊ नये, आणि ठरावांची ती वही पुढल्या तुकडीच्या स्वाधीन करावी.

यावर आक्षेप येईल, की ग्रामसभा गटबाजीने ग्रासलेल्या असतात, पुष्कळदा गणपूर्तीही होत नाही आणि काम सरपंचांच्या भाऊबंदांच्या वस्तीवरच व्हावयाचे. आक्षेप खरा आहे. परंतु गावकीचे हे राजकारण शिबिरात आजही असतेच, फक्त ते शाळेच्या ओसरीवर चहा घेताना चालते. उघड्या सभेत त्याला निदान विरोध करता येतो, आणि दलित वस्तीतील एखादी बाई उठून ‘आमच्या नळाकडे कोणी फिरकलेच नाही’ असे म्हणाली, तर त्याची नोंद करणे भाग पडते.

गाडगेबाबा दिवसभर गाव झाडीत आणि रात्रीच्या कीर्तनात त्याच गावाला प्रश्नामागून प्रश्न विचारून उत्तर देण्यास भाग पाडीत. त्यांची सेवा खराट्यापाशी संपत नसे, कारण तिच्यात गावाला बोलावे लागे. आपल्या पथनाट्यांत मात्र बोलणारे सगळे विद्यार्थी आणि ऐकणारे सगळे गावकरी अशी वाटणी कायम झालेली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार या योजनेला आता श्रेयांक मिळू लागले असल्याने दप्तर आणखी वाढणार, यात शंका नाही. ते वाढावयाचेच असेल, तर त्यात एक कागद गावाचा असावा, आणि ‘हे काम आम्हांला नको होते’ असे लिहिण्याची मुभा गावाला असावी. कारण ज्याची सेवा करावयाची त्याला नकाराचा अधिकार आहे, हे विसाव्या वर्षी शिकलेला तरुण उद्या तहसील कचेरीत, इस्पितळात अथवा विधिमंडळात बसला, तर त्याचा लाभ एका गावापुरता राहणार नाही.