‘डोक्याच्या गोळ्या’ आधी का बंद होतात?

‘एआरटी सुरू झाली ना, मग आता डोक्याच्या गोळ्या बंद करा. दोन्ही एकदम झेपायच्या नाहीत.’ समुपदेशनाच्या कामात, एआरटी म्हणजे एचआयव्हीवरची औषधं घेणाऱ्यांना दिलेला हा सल्ला मी किती जणांकडून ऐकला असेल! नातेवाईक देतात, मेडिकलवाले देतात, कधी डॉक्टरही देतात. त्यामागे काळजी असते, हे मान्य. तरीही तो चुकीचा आणि घातक आहे.

त्यातलं तथ्य आधी कबूल करते. एचआयव्हीच्या काही उपचारांत असलेलं रिटोनाविर औषधं मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं. मग मनाच्या आजारावरचं क्वेटियापिन रक्तात साचतं; त्याचा डोस एक-षष्ठांशावर आणावा लागतो. उन्मादावर दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिनचं उलट. ते औषधं मोडण्याचा वेग वाढवतं, त्यामुळे एआरटीतल्या डोल्युटेग्राविरचं रक्तातलं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं आणि विषाणूला मोकळं रान मिळू शकतं.

पण यावरून ‘मनाच्या आजाराचं औषध थांबवा’ हा निष्कर्ष निघतो कुठून? टीबीचं रिफाम्पिसिनही डोल्युटेग्राविरला असंच खाली खेचतं. म्हणून कुणी टीबीचा कोर्स बंद करतं का? डोल्युटेग्राविरची 50 मिलिग्रॅमची आणखी एक गोळी बारा तासांनी देतात, आणि दोन्ही उपचार चालू राहतात. कार्बामाझेपिन बदलता येत नसेल, तर तिथेही हाच उपाय आहे. टीबी हा ‘खरा’ आजार आणि उन्माद किंवा नैराश्य म्हणजे मनाचे खेळ, ही समजूत इथे औषधशास्त्राचा मुखवटा घालून बोलते. माझा राग तिच्यावर आहे.

शिवाय सगळीच औषधं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. सर्ट्रालिन, एसिटालोप्राम, ओलान्झापिन ही मनाच्या आजारांवरची औषधं डोल्युटेग्राविरसोबत सहसा निर्वेध चालतात. उन्मादावरचं लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि एआरटीतल्या टेनोफोविरचा ताणही मूत्रपिंडावरच येतो. तेव्हा क्रिएटिनिन आणि लिथियमची पातळी वेळच्या वेळी तपासायची. एआरटीतल्या एफाविरेन्झने पडणारी भयंकर स्वप्नं अनेकांच्या लक्षात आहेत, पण आज बहुतेकांच्या उपचारात ते औषधच नाही.

गेल्या वर्षी एक ताई आल्या होत्या. पर्समधून त्यांनी दोन डब्या काढल्या. एआरटीच्या डबीचं लेबल नखाने खरवडून काढलेलं. दुसरीत कार्बामाझेपिन, स्ट्रिपमधून सोडवून ठेवलेलं. इकडच्या डॉक्टरांना तिकडचं माहीत नाही, तिकडच्यांना इकडचं. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी कार्बामाझेपिन सोडलं होतं. पाच रात्री झोप नव्हती, बोलणं थांबत नव्हतं, आणि त्या गडबडीत एआरटीचेही दोन डोस चुकले होते. जी गोळी वाचवायची म्हणून दुसरी बंद केली, तीच राहून गेली.

2017चा एचआयव्ही कायदा गोपनीयता जपतो, पण उपचारासाठी गरजेचं असेल तर एका डॉक्टरला दुसऱ्या डॉक्टरशी बोलूही देतो. तरी मी आधी ताईंना विचारलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘लिहा.’ एकाच कागदावर दोन्हीकडची औषधं उतरवली. दोन्ही डॉक्टर फोनवर पाच मिनिटं बोलले. कार्बामाझेपिन पुन्हा सुरू झालं, सोबत डोल्युटेग्राविरची रात्रीची जादा गोळी. नऊचा गजर ताईंनी माझ्यासमोरच मोबाइलमध्ये लावला.