फराळातला कोयता



यंदाच्या दिवाळी बाजारातही ‘नैसर्गिक’ या शब्दाला भाव आहे. उटणं नैसर्गिक, रंग नैसर्गिक, गूळ तर बिनरसायनाचाच. गिऱ्हाईक पाकीट उलटंपालटं करून त्यात काय काय आहे हे वाचू लागलं, हे चांगलंच झालं. पण तो जिन्नस कुणी तोडला, कुणी वेचला आणि त्याच्या पदरात काय पडलं, याचा पाकिटावर ठावठिकाणा नसतो. लांब कशाला, साखरच घ्या. आमच्या राजूरच्या गणपतीच्या, राजुरेश्वराच्या, प्रसादाचा पेढा असो की घरच्या करंजीतलं सारण, तिच्यावाचून आपलं अडतंच.

आपल्याकडे फराळाचे डबे भरतात, त्याच सुमारास मराठवाड्यातल्या कितीतरी घरांना कुलपं लागतात. बीडमधून माणसं ऊसतोडीला जातात, तशीच आपल्या जालना जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरूनही जातात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच खर्ची पडलेली असते. ती फेडायला नवरा-बायको दोघंही निघतात; जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. हिशेब जोडीचा, उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर. पहाटे उसाच्या फडात उतरायचं, ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री भरायची. राहायला कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी; संडास, न्हाणीघर बहुतेक ठिकाणी नाहीच. पाळी आली, ताप आला आणि दिवस बुडाला, तर तो खाडा, म्हणजे गैरहजेरी. खाड्याचा दंड पुन्हा उचलीच्या खात्यावर चढतो.

याची किंमत अंगावर निघते. २०१९मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीपुढे बीड जिल्ह्याचे आकडे आले. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे सहा जणींमागे एकीचं. मार्च २०२४मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हाच धागा कोका-कोला आणि पेप्सिकोला साखर पुरवणाऱ्या कारखान्यांपर्यंत नेला, तेव्हा आपला फड जगाच्या नजरेस पडला.

जबाबदारी कुणाची म्हणाल, तर सगळ्यांचे हात वर. कारखाना म्हणतो, आमचा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी पैसे मोजलेत. मोठा खरेदीदार म्हणतो, आम्ही फक्त साखर घेतो. आणि आपण दुकानात भाव तेवढा विचारतो.

साखरेपासून तोडणारीपर्यंत माग काढता येत नाही, असं मात्र कुणी सांगू नये. ऊस कोणत्या गटातला, कोणत्या जातीचा, लागण कधीची, काट्यावर वजन किती भरलं, ही सगळी नोंद कारखान्यात असते. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार शेतकऱ्याला १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. २०२५-२६च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये ठरली होती. शेतकऱ्याचा हा हक्क रास्तच आहे आणि तो भांडून मिळालेला आहे. त्याच टनाच्या तोडणीचा दर जानेवारी २०२४च्या करारात ३४ टक्क्यांनी वाढून ३६६ रुपये झाला. तोही दोघांत मिळून, आणि उचलीत वळता होणारा. ज्या नोंदवहीत उसाची जात लिहिली जाते, तिथे तो तोडणारीचं नाव लिहायला एक रकाना पुरे.

पुरवणाऱ्याला नाव आणि हक्क मिळाला की व्यवहार बदलतो, हे महाराष्ट्रानेच दाखवलं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तेव्हापासून बांबू विकणारीही ग्रामसभा आणि मजुरी ठरवणारीही ग्रामसभाच. खरेदीदाराला तिच्याशी बोलणं भाग पडलं. आपल्या ऊसतोड कामगारांसाठीही गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ झालं, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली. ही पावलं चांगली आहेत; पण फडावरचा हिशेब अजून मुकादमाच्याच खिशातल्या डायरीत आहे.

आमचा हा दिवाळी अंकही जाहिरातींवर उभा राहतो, आणि आपल्या भागात त्यांत साखर कारखान्यांच्या शुभेच्छाही असतात. शुभेच्छा घ्याव्यात आणि प्रश्नही विचारावेत, असं आम्हाला वाटतं. आमच्या वाचकांतले पुष्कळजण ऊस उत्पादक आहेत, कारखान्याचे सभासद आहेत. ज्या वार्षिक सभेत आपण उताऱ्यावरून आणि काट्यावरून अध्यक्षांना धारेवर धरतो, तिथेच आणखी तीन गोष्टी विचारू या. तोडणाऱ्या बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यावर जमा होते का? कोप्यांच्या तळावर पाणी आणि संडास आहे का? खाड्याचा दंड बंद झाला का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. एका सभासदाने विचारलं तर ती कुरकुर ठरते. पन्नास जणांनी विचारलं की तो विषयपत्रिकेवरचा विषय होतो.



— संपादक, राजूर (जि. जालना)