नव्वद टक्के गुण, पण मोजले कोणी?

दारू सोडवण्याचे खात्रीचे औषध सांगा, अशी विचारणा वढू बुद्रुक, कोरेगाव भीमा, सणसवाडी भागातून येणाऱ्या बायाबापड्या नेहमी करतात. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती आपण सर्वांनीच वाचल्या आहेत. कोणाला त्या पुडीने गुण आलेला असतो, कोणाची माळ घातल्यावर सुटलेली असते. हे अनुभव खोटे म्हणण्याचे कारण नाही. मात्र पुडीवाचूनही किती जणांची सुटली असती, हे कोणी पाहिलेले नसते.

गोव्यात ते पाहिले गेले. डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेतील सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्याखेरीज समुपदेशकाबरोबर फार तर चार बैठका. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली सामान्य माणसे होती. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी तपासले तेव्हा मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले समुपदेशनाच्या गटात शंभरात ४२ निघाले, दुसऱ्या गटात १८. वर्षाने पाहिले तरी फरक टिकून होता. जे पीत राहिले त्यांचे प्रमाण मात्र घटले नाही, हेही त्यांनी सांगून टाकले.

वाचकहो, ते १८ ध्यानात ठेवा. समुपदेशनावाचून थांबलेली ही माणसे. त्या दिवसांत कोणी त्यांना चिमूटभर राख दिली असती, तर श्रेय राखेला गेले असते!

सकाळी उठताच ज्यांचे हात कापतात, त्यांचे काम चार बैठकांत होणारे नव्हे. त्यांना खोलीत कोंडून एकदम दारू तोडू नये. फिट येते, भास होतात, प्रसंगी माणूस दगावतो. तिथे दवाखान्यातली औषधे आणि बी-१ जीवनसत्त्वच हवे. नकळत दिलेल्या पुडीत डायसल्फिराम असले आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. तेच औषध रुग्णाला सांगून, देखरेखीखाली दिले तर उपयोगी पडते.

डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये ३५ दिवसांच्या मुक्कामानंतरही पाठपुरावा चालतो, पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. मला यातला पाठपुरावाच अधिक मोलाचा वाटतो. घरी येऊन माणूस पुन्हा प्याला की आपण ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणतो. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली तर इन्सुलिनला कोणी नावे ठेवतो का?

‘९० टक्के यश’ असा फलक दिसला तर पैसे भरण्याआधी विचारावे : किती महिन्यांनी मोजले? अर्ध्यावर निघून गेलेले, पत्ता न लागलेले धरले की वगळले? उत्तर मिळाले नाही, तर १४४४६ या सरकारच्या निःशुल्क व्यसनमुक्ती क्रमांकावर फोन करून दुसरे केंद्र विचारावे.